स्किन मॉइश्चर मीटर: टक्के विसरा, फरक बघा

ज्यांची त्वचा बारा महिने कोरडी असते, नडगीवर पांढरे खवले दिसतात, आंघोळ झाली की चेहरा ओढल्यासारखा होतो, त्यांच्यासाठी मुख्यतः हा रिव्ह्यू लिहितेय. जाड पेनासारखं एक छोटं यंत्र मिळतं, टोपण काढलं की पुढे धातूचे दोन बारीक गोल असतात, ते गालावर टेकवायचे, टूं असा आवाज येतो आणि स्क्रीनवर पाणी किती टक्के, तेल किती टक्के असे दोन आकडे येतात. कुणी याला मॉइश्चर मीटर म्हणतं, कुणी स्किन अ‍ॅनालायझर. बऱ्याच कंपन्यांचे असतात आणि बाहेरून दिसायला जवळपास सारखेच, म्हणून मी कंपनीबद्दल बोलत नाहीये, या प्रकाराबद्दल बोलतेय. माझा मी बरेच महिने वापरलाय, थंडीत पण आणि उकाड्यात पण.

आधी निकाल सांगते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची गरज नाही. माझ्या त्वचेत नक्की किती पाणी आहे हे कळावं म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, ते याच्याकडून कळत नाही. पण हे क्रीम मला लागू पडतंय की नाही, साबण बदलल्यावर फरक पडला का, एसीत दिवसभर बसून हात जास्त कोरडे होतायत का, असलं काही स्वतःचं स्वतःशी ताडून बघायचं असेल आणि थोडी शिस्त पाळायची तयारी असेल तर खूप कामाची वस्तू आहे.

आता हा मोजतो काय ते बघू, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या, चपट्या झालेल्या पेशींचा पापुद्रा, स्ट्रॅटम कॉर्निअम म्हणतात त्याला. हातावर, चेहऱ्यावर तो साधारण १० ते २० मायक्रॉन जाड असतो आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे किती पातळ ते बघा. तळहात आणि तळपायाला मात्र हाच थर कितीतरी जाड असतो. हा थर सुकलेला असला की त्यातून वीज जवळजवळ जात नाही. त्यात पाणी असलं, आणि पाण्याबरोबर विरघळलेले क्षार असले, की जाते. यंत्र एकदम बारीकसा, आपल्याला जाणवणारही नाही इतका करंट सोडून बघतं की किती सहज जातोय. दुसरी पद्धत कपॅसिटन्सची, म्हणजे त्वचा किती विद्युतभार धरून ठेवू शकते ते बघायचं. नेहमीच्या तापमानाला पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे पदार्थ विद्युतभार साठवायला किती मदत करतो ते सांगणारा अंक, ८० च्या आसपास असतो आणि तेलाचा दोन-तीन, कोरड्या पेशींचाही पाण्याच्या मानाने फारच कमी, त्यामुळे पाणी थोडं जरी वाढलं तरी आकडा हलतो. तत्त्व एकदम पक्कं आहे, यात फसवाफसवी काही नाही.

गडबड होते ती स्क्रीनवरच्या टक्क्याच्या चिन्हाने. त्वचेत पाणी सगळीकडे सारखं नसतंच. आतल्या जिवंत पेशींमध्ये साधारण ७० टक्के असतं आणि वरवर येता येता त्या पातळ थरात झपाट्याने उतरत जातं, अगदी पृष्ठभागाशी त्याचा छोटासा हिस्सा उरतो. मग स्क्रीनवर ३८.५ टक्के आलं तर ते कुठल्या खोलीचं? वरच्या दोन मायक्रॉनचं का दहाचं? पेन ते सांगत नाही आणि सांगू शकतही नाही, कारण त्याने मोजलाय विजेचा प्रतिसाद आणि कंपनीने आपल्या एका कोष्टकाने त्याचे टक्के केलेत. प्रत्येक कंपनीचं कोष्टक वेगळं, म्हणून एकाच गालावर दोन पेनांनी दोन वेगळे आकडे येतात आणि लोक विचारत बसतात की यातला खरा कुठला.

लॅबमधली मोठी यंत्रं टक्के सांगतच नाहीत हे इथे बघण्यासारखं आहे. कॉर्निओमीटर नावाचं जर्मन यंत्र जगभरच्या क्रीमच्या चाचण्यांमध्ये वापरतात, ते ० ते १२० असे नुसते अंक देतं, एकक काही नाही. जपानमध्ये स्किकॉन म्हणून एक यंत्र निघालं ते मायक्रोसीमेन्समध्ये सांगतं, म्हणजे सरळ कंडक्टन्स, वीज किती जातेय तेवढंच. हाचिरो तागामी या जपानी त्वचारोगतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ३.५ मेगाहर्ट्झच्या करंटने त्वचेचा ओलावा मोजायची पद्धत मांडली, तिथून हे सगळं बरंच पुढे गेलं. पाण्याचं खरंखुरं प्रमाण खोलीनुसार बघायचं असेल तर कन्फोकल रामन नावाची लेझरवाली पद्धत लागते, ते काम खिशातल्या पेनाचं नाही. म्हणजे इतकी महागडी यंत्रं जे म्हणायचं टाळतात ते हे छोटं पेन दशांश चिन्हासकट ठणकावून सांगतंय. मला यातली सगळ्यात न पटलेली गोष्ट हीच. १ ते १०० असा साधा अंक दिला असता तर लोकांचा अर्धा गोंधळ वाचला असता.

तेलाच्या आकड्याबद्दल तर स्पष्टच सांगते, त्याकडे बघूच नका. तेलातून वीज जात नाही, त्यामुळे विजेवर चालणाऱ्या सेन्सरला तेल थेट दिसणं शक्य नाही. लॅबमध्ये चेहऱ्याचं तेल मोजायला एक धुरकट पट्टी कपाळावर दाबतात, तेल लागलं की ती पारदर्शक होते आणि मग तिच्यातून उजेड किती जातो ते मोजतात, म्हणजे पद्धतच पूर्ण निराळी. माझ्या पेनात पाण्याचा आकडा वर गेला की तेलाचा खाली येतो, पाण्याचा खाली गेला की तेलाचा वर, दरवेळी एका हिशोबात. ओल्या कापसाला टेकवून बघितलं, नुसतं पाणी आणि कापूस, तरी त्याने तेलाचे टक्के दाखवले. म्हणजे तो मोजलेला आकडा नाहीच, पाण्याच्या आकड्यावरून काढलेला आहे. आणि त्यावरून कुणी तुमची स्किन ऑयली आहे म्हणून कडक फेसवॉश गळ्यात मारत असेल तर खरंच वाईट वाटतं, कारण आधीच कोरडी असलेली त्वचा त्याने अजून तडतडते.

पेनाच्या मागच्या बाजूला धातूची एक पट्टी असते, धरताना बोटं तिच्यावर यायला हवीत. बरेच जण तिला डिझाइन समजतात पण ती सर्किटचा भाग आहे, करंट टोकातून गालात जातो आणि हातातून पट्टीवाटे परत येतो. रबरी हातमोजा घालून धरलं तर माझं पेन आकडाच देत नाही. आणि यातून पुढची भानगड अशी की हात ओला का कोरडा यानेही गालाचा आकडा बदलतो! नुकताच हात धुतलेला असताना आणि अर्ध्या तासाने, गाल तोच पण रीडिंग वेगळं. म्हणून मोजायच्या आधी हात नीट कोरडे करून थोडा वेळ थांबायचं, दरवेळी त्याच हाताने तसंच धरायचं. काही पेनांमध्ये पट्टी नसते, दोन्ही टोकं पुढेच असतात, घेताना निवड असेल तर तसलं घ्या, एक कटकट कमी.

दाबाचं पण असंच. जोरात दाबलं की टोक त्वचेला जास्त चिकटतं आणि आकडा वाढतो, हलकं टेकवलं की कमी. लॅबच्या यंत्राच्या टोकाला स्प्रिंग असते म्हणून दरवेळी दाब सारखा पडतो, या पेनात स्प्रिंग नाही, सगळं आपल्या हाताच्या अंदाजावर. मी पेन सरळ उभं धरते आणि त्याच्या वजनापेक्षा जरासाच जास्त दाब देते, सवयीने जमतं. त्याच जागी लगेच परत मोजलं तर रीडिंग चढत जातं, कारण टोक टेकलेलं असताना तिथली आतून येणारी वाफ अडकते आणि घामही साचतो. म्हणून बाजूबाजूला सरकवत तीनदा घ्यायचं आणि मधला आकडा धरायचा. हातावर दाट केस असतील तर टोक नीट टेकत नाही आणि आकडा उगाच कमी येतो, अशांनी कोपराच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर मोजावं.

घाम हा तर सगळ्यात मोठा घोटाळा करतो. घाम म्हणजे खारट पाणी, वीज त्यातून मस्त जाते. जिने चढून आलात, ऊन लागलं, नुसतं टेन्शन आलं तरी तळहात दमट होतात आणि तेच पकडायला लाय डिटेक्टरमध्येही त्वचेची वीजवाहकता मोजतात. तेव्हा उकाड्यात तुमचं पेन तुम्हाला छान ओलसर त्वचा असं प्रमाणपत्र देईल आणि आत त्वचा कोरडीच असेल. अभ्यासात मोजताना खोली २० ते २२ अंश सेल्सिअस आणि हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवायची पद्धत आहे, माणसाला तिथे पंधरा मिनिटं ते अर्धा तास नुसतं बसवून मग मोजतात. घरी एवढं कुणाला जमणार, पण एकच खोली, एकच वेळ, पंख्याखाली शांत बसून वीसेक मिनिटांनी, एवढं तर करता येतं. सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्या आधीची वेळ मला सगळ्यात बरी वाटली.

आता क्रीमवाल्या काउंटरवरच्या डेमोबद्दल, कारण हे यंत्र बऱ्याच जणांना पहिल्यांदा तिथेच भेटतं. आधी हातावर मोजून दाखवतात, आकडा कमी, मग क्रीम चोळतात, परत मोजतात, आकडा दुप्पट! बघणारा खूश. पण हाताला आत्ता जे लागलंय तेच मुळात पाणी आहे, बहुतेक लोशनमध्ये सगळ्यात जास्त काय असेल तर पाणी. त्यात ग्लिसरीन, त्याचाही डायइलेक्ट्रिक स्थिरांक चाळीसच्या वर. शिवाय क्षार असतील तर वीज अजूनच सहज जाते. म्हणजे पेन त्वचेला नाही तर क्रीमला मोजतंय. खात्री करायची असेल तर ओला टिश्यू हातावर दाबा आणि लगेच मोजा, कुठल्याही क्रीमला मागे टाकेल. आणि याच्या उलट बघा, पेट्रोलियम जेली लावून लगेच मोजलं तर आकडा वाढत नाही, उलट घसरतो, कारण वर तेलकट थर बसला आणि वीज अडली. पण त्वचेतलं पाणी उडून जाण्यापासून अडवायला पेट्रोलियम जेलीइतकी चांगली वस्तू शोधून सापडणार नाही. डेमोमध्ये ती नापास आणि पाणचट लोशन पहिल्या नंबराने पास, असा उलटा निकाल लागतो. तेव्हा चोळल्या चोळल्या घेतलेलं रीडिंग कुणीही दाखवो, मनावर घेऊ नका. लावून सहा-आठ तास झाल्यावर, वरचं पुसलं गेल्यावर, परत क्रीम लावायच्या आधी जे येतं तेच बघण्यासारखं.

तेल आणि पाणी यांचं नातं तसं जुनंच माहीत आहे. अर्व्हिन ब्लँक नावाच्या संशोधकाने १९५२ मध्ये दाखवलं की सुकून कडक झालेला त्वचेच्या वरच्या थराचा तुकडा तेलात बुडवून ठेवला तरी कडकच राहतो, पाण्याने मात्र मऊ पडतो. म्हणजे त्वचा मऊ ठेवायचं काम पाणी करतं आणि तेलाचं काम ते पाणी टिकवायचं. हे डोक्यात असलं की पेनाचे आकडे वाचणं बरंच सोपं जातं, आणि आंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच क्रीम लावा असं डॉक्टर का सांगतात तेही कळतं.

मी वापरते कसं ते सांगते. दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपराच्या मधोमध, बॉलपेनने एकेक छोटा चौकोन काढते. डाव्याला काही लावत नाही, उजव्याला जे तपासायचं ते रात्री झोपताना. सकाळी दोन्हीकडची रीडिंग. युरिया (त्वचेत पाणी धरून ठेवणारा घटक) असलेलं क्रीम लावत होते तेव्हा सुरुवातीला दोन्ही हात तिशीच्या आसपास होते, ३०, ३१ असे, मग उजवा हळूहळू वर सरकून ३७-३८ ला जाऊन थांबला आणि डावा तिथेच. एखाद्या दमट दिवशी दोन्ही हात चढायचे, पण मधलं अंतर तेवढंच राहायचं. माझ्यासाठी ते अंतर म्हणजे खरं उत्तर. ३८ म्हणजे किती पाणी हे मला आजही सांगता येणार नाही, पण या क्रीमने माझ्या हातावर रात्रभर फरक टिकतो हे मी खात्रीने सांगू शकते. दुसरं एक सुगंधी लोशन होतं, लावल्यावर खूप छान वाटायचं, सकाळी दोन्ही हात सारखेच यायचे. ते आता बंद केलंय.

साबणाचा परिणाम तर फार सुंदर दिसतो यात. हात साबणाने धुऊन टिपून लगेच मोजलं की आकडा वर उडालेला असतो, मग दर पाच मिनिटांनी मोजत गेलं की उतरत उतरत धुण्याच्या आधी होता त्याच्याही खाली जातो. सौम्य क्लिन्झरने धुतलं की खाली जाणं कमी. ही उतरण डोळ्यांनी बघितल्यावर आमच्या आईने नडगीला साबण लावणं सोडलं, नाहीतर मी तोंडाने कितीदा सांगितलं असेल, ऐकायची नाही. नडगीवरचे तिचे आकडे कपाळाच्या जवळपास निम्मे येतात, आणि तसं ते बऱ्याच जणांचं येणार कारण पायाला तेलग्रंथी कमी. म्हणून कपाळाची तुलना कपाळाशी आणि नडगीची नडगीशीच करायची.

एक गैरसमज मात्र आवर्जून काढायचाय. या आकड्याचा तुम्ही दिवसभरात किती पाणी प्यायलात याच्याशी संबंध जोडू नका. शरीरात पाणी कमी पडणं आणि त्वचेचा वरचा थर कोरडा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान बाळाला जुलाब होतायत किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाने दोन दिवस नीट काही घेतलं नाही आणि पेनावर आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त राहिलात तर धोका आहे, तिथे लघवी किती होतेय, तोंड सुकलंय का, माणूस मलूल पडलाय का हे बघतात आणि डॉक्टर गाठतात. तसंच ओलावा चांगला म्हणजे त्वचा धडधाकट असंही नाही. दिवसभर पाण्यात हात असणाऱ्यांच्या बोटांवर रीडिंग भरपूर येईल पण त्वचा फुगून कमकुवत झालेली असते, भेगा पडायला वेळ लागत नाही. त्वचेतून पाणी किती निसटतंय ते मोजायचं यंत्र वेगळं, ते दर तासाला दर चौरस मीटरमागे किती ग्रॅम असं सांगतं, हे पेन ते काम करत नाही. एक्झिमा असेल तर खाज, लाली, झोपमोड यांची नोंद आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची धरा.

घरच्या मल्टिमीटरने हे होईल का असं बरेच जण विचारतात. रेझिस्टन्सवर ठेवून दोन्ही प्रोब त्वचेला लावले तर आकडा येतो, कोरडी त्वचा असेल तर लाखो ओहममध्ये, पण तो क्षणभरही स्थिर राहत नाही. मल्टिमीटर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट देतो, त्याने टोकांपाशी आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण साचतात आणि रीडिंग सरकत राहतं, बोटाचा दाब बदलला तरी दणकन हलतं. म्हणून ही यंत्रं अल्टरनेटिंग, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट वापरतात. ओला हात आणि कोरडा हात एवढा फरक मुलांना दाखवायला मजा येते, पण क्रीमची परीक्षा त्यावर नको. स्वतः सर्किट बनवणाऱ्यांनी ते बॅटरीवरच चालवावं, चार्जर लावलेला असताना अंगाला टेकवू नये. आणि ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी असलं कुठलंही, विकतचंसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

बनावट म्हणाल तर ठीक आहे. टोपण घट्ट बसतं, आपोआप बंद होतं, सेल बराच टिकतो. स्क्रीन लहान आहे, चष्मा लागतो. सोबत आलेला कागद निव्वळ निरुपयोगी, वयानुसार आदर्श टक्के असं एक कोष्टक दिलंय त्यात आणि ते कशावरून काढलं याचा पत्ता नाही. आधीची रीडिंग साठवत नाही म्हणून वही ठेवावी लागते, मी तारीख, वेळ, खोलीचं तापमान आणि तीन आकडे लिहिते. टोकं महत्त्वाची, क्रीमचा थर बसला की आकडे बिघडतात, दर वापरानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पूर्ण सुकू द्यायचं.

घेणार असाल तर परत करायची सोय आहे तिथूनच घ्या आणि आल्या आल्या हे करून बघा. हवेत धरून बटण दाबा, काही आकडा आला तर परत करा. कोरड्या लाकडावर आणि मग ओल्या कापसावर टेकवा, दोघांत मोठा फरक यायलाच हवा. मग शांत बसून हाताच्या एकाच पट्ट्यात थोडं थोडं सरकवत मोजा, आकडे दोन-तीन अंकांच्या आत राहिले तर ठेवून घ्या, दहा-दहाने उड्या मारत असतील तर त्यातून युरियाच्या क्रीमचा फरक कधीच दिसणार नाही, लगेच परत पाठवा.